भूकंप, भ्रंश आणि दरड: तिन्हींवर संशोधन करायचं तर नेमकं काय शिकावं लागतं?

प्रश्न असा आहे: भौतिकशास्त्रात बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, गाव पाटण तालुक्यात. भूकंप, भ्रंशावरची (खडकातल्या सरकू शकणाऱ्या भेगेवरची) हालचाल आणि दरडी या तिन्हींत रस. कॉलेजात सांगतात की एकच विषय धर, नाहीतर धड काहीच होणार नाही. तिन्हींवर मिळून काम करता येतं का, आणि या वाटेवर प्रत्यक्षात काय काम करावं लागतं?

करता येतं. जगभरात अनेक जण तसं करतात, कारण खाली भौतिकशास्त्र एकच आहे: दाबाखालच्या एका पृष्ठभागावर पाणी शिरलं की तो कधी, किती वेगाने आणि कुठवर सरकतो. मिळालेला सल्लाही अर्धा बरोबर आहे. एक गोष्ट धरायची आहे, पण ती विषय नव्हे, मोजमाप. एक मोजमाप इतकं हाडीमाशी मुरलं पाहिजे की ते कुठे खोटं बोलतं हे आकडा बघताक्षणी कळावं. ज्याला तसं एकही मोजमाप येत नाही त्याचे तिन्ही विषय कच्चे राहतात.

आधी भौतिकशास्त्र, कारण तुमची बाजू तीच आहे. कागद-पेन्सिल घ्या आणि एका उताराचा हिशोब करा. उतार ३० अंश, कातळावर ३ मीटर जाडीची माती-मुरूम, वजन दर घनमीटरला १८ किलोन्यूटन. उताराच्या दिशेने खाली ओढणारा ताण येतो सुमारे २३.४ किलोपास्कल आणि कातळावर लंब दाब ४०.५. मातीचा घर्षणकोन ३२ अंश आणि चिकटपणा ५ किलोपास्कल धरला, तर कोरड्या मातीचा विरोध ३०.३ होतो. म्हणजे सुरक्षितता गुणांक (विरोध भागिले ओढणारा ताण) १.३, उतार उभा राहतो. आता पावसाने पाणी मुरलं आणि मातीतली पाण्याची पातळी कातळापासून १.५ मीटर वर आली. पाण्याचा दाब ११ किलोपास्कल. हा दाब मातीचे कण एकमेकांपासून उचलून धरतो, म्हणून घर्षणाला उपयोगी पडणारा लंब दाब ४०.५ वरून २९.५ वर येतो. विरोध होतो २३.४, गुणांक बरोबर १. पातळी पृष्ठभागापर्यंत आली तर गुणांक ०.७ पर्यंत घसरतो. ओल्या मातीचं वाढलेलं वजन यात धरलेलं नाही, ते धरून आकडे पुन्हा काढा.

या हिशोबात पाऊस किती मिलिमीटर पडला हे कुठेच आलं नाही, हे लक्षात घ्या. आली ती पाण्याची पातळी. पाऊस आणि पातळी यांच्यामध्ये मातीची पारगम्यता, कातळातल्या भेगा, वरच्या सड्यावरून आत उतरणारं पाणी, गेल्या दहा दिवसांचा ओलावा हे सगळं येतं. दरडींवरचं निम्मं संशोधन या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत चालतं.

हाच हिशोब ५ किलोमीटर खोलीवर न्या. तिथे वरच्या खडकाचा दाब सुमारे १३५ मेगापास्कल आणि भेगांतल्या पाण्याचा सुमारे ४९. म्हणजे परिणामी दाब ८६ च्या आसपास. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात ८० मीटर पाणी धरलं तर तळावर जास्तीत जास्त ०.८ मेगापास्कल वाढतात, आणि खोलवर पोचेपर्यंत तेही विरतात. एक टक्क्याहूनही कमी. एवढ्याने ६.३ तीव्रतेचा भूकंप कसा होतो? उत्तर असं की भ्रंश आधीच सरकण्याच्या बेतात असतो. ताण भूगर्भातला, जुना. तलाव निमित्त होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत जे घडलं त्याचं आजचं सर्वसाधारण स्पष्टीकरण हेच आहे. धरणात पाणी साठायला सुरुवात होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती.

दाब पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ काढता येतो. खडकातून दाब पसरण्याचा गुणांक बहुतेक ठिकाणी सेकंदाला ०.१ ते १० चौरस मीटर या पट्ट्यात सापडतो. १ धरला तर एका वर्षात दाबाची लाट साधारण ११ किलोमीटर जाते, ०.१ धरला तर साडेतीन. म्हणून कोयनेत पावसाळ्यानंतर तलाव भरल्यावर एकदा आणि पुढे हिवाळ्यात पाणी उतरू लागल्यावर पुन्हा धक्के वाढलेले दिसतात, याचा अर्थ लावताना ताबडतोब पडणारं वजन आणि उशिरा पोचणारा दाब हे दोन परिणाम वेगळे करावे लागतात. पाण्याचा दाब वाढला की भ्रंश सुटतो ही कल्पना हबर्ट आणि रूबी यांनी १९५९ मध्ये मांडली. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रेंजली तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ या काळात विहिरींतला दाब मुद्दाम वाढवून आणि उतरवून ती पडताळली गेली: दाब वाढला की धक्के वाढले, उतरवला की थांबले. आमच्या विषयात असा उघड प्रयोग क्वचितच करता येतो, म्हणून तो शोधनिबंध मुळातून वाचा.

आता पुढची पायरी. सरकणं सुरू झालं की ते धक्क्याच्या रूपात सुटेल की हळूहळू रांगत राहील? इथे डिटरिच आणि रुइना यांचे घर्षणनियम येतात. वेग वाढल्यावर घर्षण कमी होणारा खडक अस्थिर, वाढणारा स्थिर. अस्थिर खडकातसुद्धा सरकणारा तुकडा एका ठरावीक लांबीपेक्षा मोठा झाल्याशिवाय भूकंप सुटत नाही. ही लांबी खडकाच्या ताठरपणाच्या सम प्रमाणात आणि परिणामी दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते. ताठरपणा ३० गिगापास्कल, सरकण्याचं वैशिष्ट्यपूर्ण अंतर (घर्षण नव्या वेगाशी जुळवून घेईपर्यंतचं सरकणं) १० मायक्रॉन, दाब ५० मेगापास्कल आणि घर्षणगुणांकांतला फरक ०.००४ धरला तर लांबी दीड मीटर येते. पाण्याच्या दाबाने परिणामी दाब १ मेगापास्कलवर आणला की तीच ७५ मीटर होते. तुकडा तेवढा मोठा नसेल तर धक्का बसत नाही, रांगणं चालू राहतं. कॅनडा-अमेरिकेच्या किनाऱ्याखाली, कॅस्केडियात, साधारण दर १४ महिन्यांनी काही आठवडे चालणारी मंद घसरण होते. तिच्या स्पष्टीकरणात पाण्याचा हा उच्च दाब मध्यवर्ती आहे.

आणि दरड? तिच्यात परिणामी दाब मेगापास्कलमध्ये नसून फक्त काही दहा किलोपास्कल असतो. दाब कमी म्हणून ही लांबी वाढते, पण माती खडकापेक्षा हजारो पट मऊ असल्याने घटतेही; शेवटी ती किती येते हे मातीच्या सरकण्याच्या वैशिष्ट्यपूर्ण अंतरावर ठरतं. शिवाय चिकणमाती बहुतेक वेळा वेग वाढला की जास्त विरोध करते. म्हणून कोलोरॅडोतली स्लमगलियन नावाची दरड तीनशेहून अधिक वर्षं सरकत आहे, तिचा सर्वांत वेगवान भाग दिवसाला एक-दोन सेंटिमीटर जातो, आणि ती अजून कोसळलेली नाही. दुसरीकडे इटलीत व्हायॉन्टला डोंगर आधी रांगत होता आणि ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री तो एकाएकी जलाशयात सुटला, सुमारे दोन हजार माणसं गेली. रांगणारा उतार कधी सुटतो, हा भ्रंश आणि दरड यांच्यातला सामाईक प्रश्न आहे. तुमच्या तिन्ही आवडी इथे एकत्र येतात. पीएच.डी.चा प्रस्ताव लिहायची वेळ आली की या वाक्यापासून सुरुवात करा.

आता मोजमापाकडे, आणि इथे जरा थांबतो, कारण करिअर घडतं किंवा बिघडतं ते इथेच.

पहिलं मोजमाप भूकंपाची जागा. कोयना-वारणा परिसर यासाठी जगातल्या उत्तम प्रयोगशाळांपैकी आहे: २० गुणिले ३० किलोमीटरचा टापू, १९६७ नंतरही ५ किंवा त्याहून मोठे २० पेक्षा जास्त भूकंप, बहुतेक धक्के १० किलोमीटरच्या आतल्या खोलीवर. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचं भूकंपमापकांचं जाळं इथे आहे. कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीच्या प्रकल्पात गोठण्याला २०१७ पर्यंत ३ किलोमीटर खोल भोक खणून झालं. तिथे बसाल्टची जाडी १,२४७ मीटर निघाली, तर रासाटीच्या भोकात सुमारे ९३३. खाली थेट ग्रॅनाइट-नाईस.

या जाडीतल्या ३०० मीटरच्या फरकाचा अर्थ काय? लाटेचा वेग बसाल्टमध्ये सेकंदाला ५ किलोमीटर आणि ग्रॅनाइटमध्ये ६ धरला तर त्या ३०० मीटरमध्ये सुमारे ०.०१ सेकंदाचा फरक पडतो. अनुभवी माणूस पी-लाटेची (सर्वांत आधी पोचणाऱ्या लाटेची) सुरुवात ०.०२ ते ०.०५ सेकंदाच्या आत टिपतो. म्हणजे सगळ्या स्टेशनांखाली एकसारखा थर धरला तर गृहीतकाची चूक टिपण्यातल्या चुकीपेक्षा लहान, पण ती दरवेळी एकाच दिशेची असते, सरासरीने विरत नाही, आणि भूकंपाच्या खोलीत जाऊन बसते. खोली आणि सुरुवातीची वेळ ही जोडी एकमेकांच्या चुका लपवते. भूकंप एक किलोमीटर खोल सरकवा, वेळ थोडी आधीची घ्या, आकडे जवळजवळ तसेच जुळतात. यातून सुटायचं तर नाभीच्या (भूकंप जिथे सुरू झाला त्या बिंदूच्या) अगदी वर, म्हणजे खोलीइतक्याच अंतरात, किमान एक स्टेशन हवं, त्यावर एस-लाट (मागून येणारी, संथ) नीट टिपलेली हवी आणि स्टेशनांनी भूकंपाला सगळीकडून वेढलेलं हवं. दोन शेजारच्या स्टेशनांमधला कोन १८० अंशांहून मोठा असेल तर त्या भूकंपावर निष्कर्ष उभारू नका. संगणक खोलीपुढे ‘चूक ०.३ किलोमीटर’ असं छापतो तेव्हा ती वेगाचं प्रारूप खरं मानून काढलेली चूक असते. प्रारूप पाच टक्क्यांनी बदलून सगळं पुन्हा चालवा. खोली किती हलते ती तुमची खरी चूक.

घड्याळही तपासा. स्टेशनचा जीपीएस अँटेना झाडीखाली गेला की उपग्रहाशी संपर्क तुटतो आणि यंत्र स्वतःच्या क्रिस्टलवर चालू राहतं. क्रिस्टलची चूक दहा लाखांत एक असली तरी दिवसाला ०.०८६ सेकंद होतात. आठवडाभरात तुमच्या जागा काही किलोमीटर सरकतील आणि आलेखावर काहीच विचित्र दिसणार नाही. ओळखायची युक्ती सोपी: दूरच्या मोठ्या भूकंपाची लाट सगळ्या स्टेशनांवर ठरलेल्या क्रमाने आली की नाही ते महिन्यातून एकदा बघा. त्याच वेळी उभ्या घटकाची दिशा उलटी जोडली गेलेली नाही ना हेही कळतं.

दख्खनमध्ये एक खास अडचण आहे. सेन्सरची उत्तर दिशा होकायंत्राने लावू नका. बसाल्ट स्वतः चुंबकीय असतो, आणि उघड्या कातळावर, विशेषतः जिथे वीज पडलेली असते तिथे, काटा कित्येक अंशांनी फिरतो. दोन जीपीएस बिंदूंची रेषा किंवा गायरो वापरा.

विजेचा हिशोब आधी करा. सेन्सर आणि डिजिटायझर मिळून ३ वॅट घेत असतील तर दिवसाला ७२ वॅट-तास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी अर्ध्यापर्यंतच उतरू द्यायची म्हटलं तर आठ दिवस चालते. जुलैत कोयनेच्या खोऱ्यात ढग आठ दिवसांत हटतील याची खात्री नाही. म्हणून दोन बॅटऱ्या, १५० वॅटच्या आसपासचं पॅनेल, आणि पॅनेल थोडं तिरकं, म्हणजे त्यावर शेवाळ धरत नाही. सगळं बसवणं मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपलं पाहिजे. खड्ड्यात पाणी शिरणं हे स्टेशन बंद पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे, म्हणून तळाला निचरा ठेवा आणि वायर वर वळवून मगच आत न्या. उंदीर वायर कुरतडतात, तेव्हा ती लोखंडी नळीतून न्यावी.

आता ज्या सापळ्यात हुशार विद्यार्थीही अडकतात तो. कोयनेचे दर महिन्याचे धक्के मोजले, शेजारी तलावाची पातळी काढली, सप्टेंबरात धक्के एकदम वाढलेले दिसले, निबंध तयार. पण जुलै-ऑगस्टात वारा, पाऊस, ओढ्यांचा खळखळाट यामुळे यंत्रांवर गोंगाट वाढतो आणि छोटे धक्के त्यात बुडतात. सप्टेंबरात गोंगाट ओसरतो, तेच छोटे धक्के पुन्हा दिसू लागतात. वाढ झाली ती धक्क्यांत की ऐकू येण्यात? उपाय एकच: सर्वांत गोंगाटाच्या महिन्यात ज्या तीव्रतेवरचे सगळे धक्के नक्की सापडतात ती मर्यादा काढायची आणि वर्षभर फक्त तिच्यावरचे मोजायचे. संख्या निम्म्याहून खाली येते, मन खट्टू होतं, पण जे उरतं ते खरं असतं. हीच गत नव्या स्टेशनांची. जाळं वाढलं त्या वर्षी यादीतले भूकंप वाढतातच. यंत्रबुद्धीवर चालणारी फेजनेटसारखी साधनं आली तेव्हापासून हा धोका वाढला आहे, कारण ती छोटे धक्के भरभरून शोधतात आणि खोट्या नोंदीही सोबत आणतात. त्यांनी शोधलेल्या प्रत्येक शंभरातले वीस तरी स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.

दुसरं मोजमाप उपग्रहाचं रडार, इनसार. एकाच जागेच्या दोन वेळच्या रडारप्रतिमांमधला लाटेचा फरक काढून जमीन किती हलली ते बघतात. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची लाट ५.६ सेंटिमीटरची, म्हणून रंगाचं एक वेटोळं म्हणजे उपग्रहाच्या नजरेच्या रेषेत २.८ सेंटिमीटर हालचाल. उत्तर-दक्षिण हालचाल याला जवळजवळ दिसतच नाही, कारण उपग्रह त्याच दिशेने फिरतो आणि बाजूला बघतो. कोयनेचा मुख्य भ्रंश उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य जातो आणि त्यावरचं सरकणं आडवं आहे. म्हणजे बरंचसं नेमकं या आंधळ्या दिशेत.

सह्याद्रीत हे तंत्र वापरताना तीन गोष्टी बिघडतात. पहिलं, झाडी आणि पावसाळा मिळून जून ते ऑक्टोबर दोन प्रतिमांमधलं साम्य मोडतात, ५.६ सेंटिमीटरची लाट पानांवरूनच परतते. नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची एल-बँड लाट सुमारे २४ सेंटिमीटरची आहे, ती पानांतून बऱ्याच अंशी खाली पोचते आणि दर १२ दिवसांनी तीच जागा पुन्हा बघते. येत्या दहा वर्षांत घाटातल्या रांगणाऱ्या उतारांवर काम करायचं असेल तर ही संधी तुमच्या पिढीची आहे.

दुसरं, हवेतली वाफ. सापेक्ष आर्द्रतेत २० टक्के फरक पडला तर १० सेंटिमीटरची खोटी हालचाल दिसू शकते. हवामानाच्या प्रारूपातून दुरुस्ती करतात, पण इआरए-५ या नेहमीच्या प्रारूपाचा एक चौकोन साधारण २८ किलोमीटरचा असतो. त्यात चिपळूणही येतं आणि घाटमाथाही. समुद्रसपाटीजवळची दमट हवा आणि हजार मीटरवरची हवा एकाच आकड्यात मिसळली की डोंगर दर पावसाळ्यात वर-खाली झाल्यासारखा वाटतो. तुमची ‘हालचाल’ उंचीच्या नकाशासारखी दिसत असेल तर ती हवा आहे, असं समजून पुढे जा.

तिसरं, उतारांची दिशा. कोकणाकडे तोंड केलेले पश्चिम उतार उपग्रह उत्तरेकडे जाताना बघतो तेव्हा रडारच्या समोर येतात, आणि कडा उभा असेल तर माथा पायथ्यावर दुमडला जातो. तिथे दक्षिणेकडे जाणाऱ्या फेरीची प्रतिमा घ्या. कामाला लागण्याआधी एक दिवस देऊन कुठला उतार कुठल्या फेरीत दिसतो याचा नकाशा बनवा. त्यात जो उतार कुठेच दिसत नाही त्याचा मोह सोडा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण गावागावांतून हे विचारलं जातं. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये १५१ माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये तळिये, जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. पावसाने मातीचा थर एकदम सुटून येणाऱ्या दरडी आधी महिनोन्महिने रांगतातच असं नाही. उपग्रहाला काही दिसलं नाही म्हणून उतार सुरक्षित, असं कोणत्याही अहवालात लिहू नका. अशा उतारांसाठी उपयोगी मोजमाप म्हणजे मातीतली पाण्याची पातळी मोजणारे पिझोमीटर, १५ मिनिटांच्या अंतराने नोंदणारं पर्जन्यमापक, आणि गावकऱ्यांचे डोळे: जमिनीला नवी भेग, नव्या जागी फुटलेला उमाळा, गढूळ झालेला झरा, वाकलेली झाडं. पर्जन्यमापक तालुक्याच्या गावी असेल तर त्याचा आकडा घाटमाथ्याला लावू नका. काही किलोमीटरच्या अंतरात पाऊस दुपटीने बदलतो.

पावसाची धोकापातळी ठरवताना आणखी एक चूक घरी चालत येते. दरडींच्या याद्या बहुतेक वेळा बातम्यांवरून आणि रस्ते खात्याच्या नोंदींवरून बनतात. रस्त्यावर आलेली दरड नोंदली जाते, रानात पडलेली नाही. तारीख बातमीची असते, दरडीची नाही. एका दिवसाच्या फरकाने कधी २५० मिलिमीटरचा दिवस हातातून निसटतो आणि धोकापातळी खोटीच खाली येते. प्रत्येक नोंदीसमोर ‘तारीख किती खात्रीची’ असा रकाना ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण महाराष्ट्रात ते नीट करणाऱ्याची खरी गरज आहे.

भूकंपमापकावर दरडही उमटते, आणि तुमच्या दोन आवडी जोडणारा हा सर्वांत सुंदर भाग आहे. भूकंपात पी आणि एस लाटा ठसठशीत येतात. दरडीची नोंद हळूच वाढते, मध्ये फुगते, हळूच विरते, चातीवरच्या सुतासारखी. मोठी दरड धावताना आणि थांबताना जमिनीला ढकलते, त्यामुळे २० ते १०० सेकंदांच्या संथ लाटा निघतात. त्यांवरून किती वस्तुमान कोणत्या दिशेने गेलं ते काढता येतं. ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडात चमोलीला सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला, तेव्हा हिमालयातल्या भूकंपमापकांवर ते उमटलं. स्टेशनं भूकंपासाठी लावलेली होती. जुन्या नोंदींमध्ये अशा न ओळखलेल्या दरडी शोधणं हा पीएच.डी.चा एक प्रकरणभर विषय सहज होतो आणि त्याला नवं यंत्र लागत नाही.

विषय निवडताना जागेशी प्रामाणिक राहा. मंद घसरणीचा अभ्यास करायचा असेल तर कोयना ही जागा नव्हे. भारतीय द्वीपकल्पाच्या आतली विकृती वर्षाला एक-दोन मिलिमीटरहून कमी आहे. जीपीएसच्या रोजच्या जागेत आडवी चूक २-३ मिलिमीटर, आणि ऋतूंचा परिणाम वजा करायला किमान अडीच वर्षांची सलग नोंद लागते. चार वर्षांच्या पीएच.डी.त हाती काहीच लागणार नाही. त्यासाठी जपान, न्यूझीलंड, मेक्सिको किंवा कॅस्केडिया; तिथला बराच डेटा खुला आहे, इथे बसूनही करता येतो. भूकंप आणि दरड यांचा एकत्र अभ्यास हवा असेल तर हिमालय: वर्षाला सुमारे १८ ते २० मिलिमीटर आकुंचन, आणि नेपाळमधल्या २५ एप्रिल २०१५ च्या एकाच भूकंपाने हजारो दरडी. पाणी आणि भूकंप हा संबंध हवा असेल तर तुमच्या घरासमोर कोयना आहे. पालघर-डहाणूकडचे २०१८ पासूनचे धक्के हाही महाराष्ट्रातलाच विषय.

शिक्षणाची वाट थोडक्यात. जॅम (आयआयटीची एम.एस्सी. प्रवेशपरीक्षा) देऊन मुंबई आयआयटीची उपयोजित भूभौतिकी किंवा धनबादची आयआयटी. पुढे नेट (भूविज्ञान) किंवा गेटचा भूविज्ञान-भूभौतिकी पेपर. पीएच.डी.साठी हैदराबादची एनजीआरआय, डेहराडूनची वाडिया संस्था, पुण्याची आयसर, पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था. जेआरएफ (संशोधनाची पाठ्यवृत्ती) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. अमेरिकेत पीएच.डी. पाच-सहा वर्षांची, बहुधा फी माफ आणि विद्यावेतनासह. त्यानंतर दोन-तीन वर्षांची एक किंवा दोन पोस्टडॉक (तात्पुरती संशोधनपदं), मग प्राध्यापकपद. भारतातही पोस्टडॉकशिवाय प्राध्यापकपद आता क्वचितच मिळतं. म्हणजे आजपासून बारा वर्षं धरा आणि घरच्यांना तो आकडा आत्ताच सांगा.

मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा दोन गोष्टी विचारा. डेटा आज हातात आहे की ‘मिळणार आहे’? परवानग्या आणि करार यात दोन वर्षं सहज जातात, आणि ती तुमच्या पाठ्यवृत्तीतून जातात. आणि गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी किती वर्षांत आणि किती शोधनिबंधांसह बाहेर पडले? त्यांना प्रत्यक्ष फोन करा. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात त्यावरूनही पुष्कळ कळतं.

गणितात रेषीय बीजगणित, फूरिए, आंशिक विकलक समीकरणं आणि संख्याशास्त्र पक्कं करा. तुम्ही भौतिकशास्त्रातून येताय, तेव्हा तुमची कच्ची बाजू भूविज्ञान असेल. पावसाळा संपला की कुंभार्ली घाटात रस्त्याच्या कापावर उभं राहून बसाल्टचे थर, मधला लाल बोलचा (दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातीचा) पट्टा, भेगा आणि पाणी पाझरण्याच्या जागा वहीत काढा. थरांच्या मधून पाणी नेमकं कुठे बाहेर येतं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की वरचा सुरक्षितता गुणांकाचा हिशोब वेगळाच वाटू लागतो.

या वर्षी एवढं करा. पायथन आणि लिनक्स शिका, ऑब्स्पाय (भूकंपनोंदी हाताळणारी पायथनची लायब्ररी) बसवा, अर्थस्कोपच्या खुल्या भांडारातून एखाद्या मध्यम भूकंपाच्या दहा स्टेशनांच्या नोंदी उतरवा. पी आणि एस हाताने टिपा. एस आणि पी यांच्यातल्या सेकंदांना ८ ने गुणलं की अंतर किलोमीटरमध्ये येतं. कंपास घेऊन नकाशावर वर्तुळं काढा. ती एका बिंदूत मिळणार नाहीत. किती किलोमीटरने चुकतात ते लिहा. मग स्टेशनं एकेक करून वगळा, वेगाचं प्रारूप बदला आणि जागा प्रत्येक वेळी कुठे उडी मारते त्याचा नकाशा काढा. हा एक नकाशा आणि त्याखाली दोन पानांचं स्पष्टीकरण सोबत जोडून प्राध्यापकांना पत्र लिहा.